चाळिशीनंतर गाडी, तीही वस्तीच्या वाटेवर



आज आपण गाडी शिकण्याबद्दल बोलणार आहोत. चाळिशी-पन्नाशी गाठलेल्या बाईने गाडी शिकायची, आणि ती आपल्या वस्तीच्या कच्च्या वाटेवर चालवायची, हा आजचा विषय.

शहरातली काही हौशी मंडळी मोठ्या मोटारसायकली घेऊन माळावर, ओढ्यात, दगडगोट्यांवर चालवायला शिकतात. त्याला ते ‘ऑफ-रोड’ म्हणतात. त्यासाठी फी भरतात, शिक्षक लावतात. त्यात पन्नाशीचेही असतात. आपल्याला त्यासाठी लांब जायला नको. माण-खटावची मुरमाड वाट, जत-आटपाडीकडचा वाळूचा ओढा, पाटण-जावळीतला तांबड्या मातीचा उतार, वाळवा-पलूसकडची पावसातली काळी माती हे सगळं आपल्या दारातच आहे. ते हौसेने जातात, आपण डेअरीला दूध घालायला, रेशन आणायला, गटाचा हप्ता बँकेत भरायला जातो. पण अशा वाटेवर गाडी चालवणं ही वेगळी कला आहे आणि ती वेगळी शिकावी लागते, हे त्यांनी ओळखलं आहे. आपण ते अजून ओळखलेलं नाही.

गटांच्या बैठकांना फिरताना आम्ही एक गोष्ट नेहमी बघतो. बऱ्याच जणी स्कूटर शिकलेल्या असतात, पण डांबरावर. फाट्यापर्यंत गाडी येते, तिथे कुणाच्या तरी अंगणात लावतात आणि पुढचे दोन-तीन किलोमीटर डोक्यावर ओझं घेऊन चालतात. कारण मुरमावर गाडी घसरते, भीती वाटते. मग गाडी असूनही रात्री-अपरात्री पोराला ताप आला, तर कुणीतरी पुरुष माणूस येण्याची वाट बघावी लागते. ही शेवटच्या दोन किलोमीटरची भीती घालवायची आहे.

हे बायकांना जमत नाही, असं कुणी म्हणालं तर दोन गोष्टी सांगा. बंगळूरच्या ऐश्वर्या पिसे हिने २०१९ साली वाळू-मातीवरच्या मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक करंडकात महिला गटाचं विजेतेपद मिळवलं. ती तरुण खेळाडू, तिची गोष्ट वेगळी, असं वाटेल. मग दुसरी गोष्ट ऐका. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमाराला साक्षरता मोहीम चालली होती. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर सायकलही शिकवायला घेतली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या बायका, गावच्या नर्स, अंगणवाडीच्या बाई अशा लाखभर जणी सायकल शिकल्या. लोक हसले, टोमणे मारले. लेडीज सायकली कमी पडल्या, तेव्हा बायकांनी पुरुषांच्या दांड्याच्या सायकली घेतल्या आणि दांड्यावर पोर बसवून कामाला निघाल्या.

आता वयाचं बोलू. पंचेचाळिशीत शरीर विशीसारखं राहत नाही, हे खरं आहे. शिकायला दिवस जास्त लागतात. पाळी जाण्याच्या वयात हाडं ठिसूळ होऊ लागतात, म्हणून पडणं महागात पडू शकतं. त्यावर उपाय आहेत. आधी डोळे तपासून घ्या. चष्मा लागला तर लावा. बूट घाला, चपलेवर गाडी नको. आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट घाला आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधा. साडी नेसत असाल तर पदर खोचा, निऱ्या वर घ्या. मागे बसणारीसाठी साडीगार्ड लावूनच घ्या. आणि वयाचा एक फायदाही आहे. चाळिशीतली बाई जोरात गाडी पळवत नाही. कच्च्या वाटेवर हा मोठा गुण आहे.

गाडी कोणती घ्यायची? चाक जितकं मोठं, तितके खड्डे आणि दगड सोपे जातात. स्कूटरचं चाक लहान असतं, ते खड्ड्यात बसतं. मोटारसायकलचं चाक मोठं, पण तिला गिअर असतात आणि सीट उंच असते. मोपेड मधली. बिनगिअरची, वजनाने हलकी, चाक स्कूटरपेक्षा मोठं. १९७२ साली लूना आली तेव्हापासून मोपेड आपल्याकडच्या वाटांवर चालत आलेली आहे. दुकानात गेल्यावर रंग नंतर बघा. आधी सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते बघा.

शिकायची सुरुवात मोकळ्या माळावर करा, शेजारी एखादी जाणती बाई किंवा घरचं माणूस ठेवा. पहिले काही दिवस फक्त चालू करणं, सरळ जाणं, थांबणं, वळणं. त्यानंतर मुद्दाम खडीवर जा. नजर पुढच्या चाकावर ठेवू नका, वीस-पंचवीस पावलं पुढे ठेवा. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते. दगडाकडे टक लावून बघितलंत तर दगडावरच जाल. हँडल घट्ट आवळू नका, कोपरं थोडी वाकलेली असू द्या. खडीवर हँडल हातात जरा हलतं, ते हलू द्या. मोटारसायकल असेल आणि वाट फार खडबडीत असेल, तर गुडघे थोडे वाकवून पायदानांवर उभं राहा. म्हणजे गाडी खाली हलते आणि कंबरेला दणका बसत नाही.

ब्रेकचं नीट ऐका. मुरमावर, वाळूवर पुढचा ब्रेक कचकन दाबला की पुढचं चाक सरकतं आणि माणूस आडवा होतो. वेग आधीच कमी करा, आणि मागचा ब्रेक हळूहळू लावा. २०१९ नंतरच्या बहुतेक नव्या स्कूटरचा डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, म्हणून तोही दमानेच दाबायचा. उतारावर गाडी बंद करून पेट्रोल वाचवायला जाऊ नका. गिअरची गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरवा, इंजिनच तिला धरून ठेवतं. चढावर मध्येच थांबू नका, खालूनच एका लयीत या. वाळूत आणि चिखलातही तसंच, ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवा.

उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात. बाईने चाकोरी सोडू नये, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे मात्र चाकोरीत सापडलात तर खरंच तिच्यातूनच हळू जा. बाहेर पडायचं असेल तर ती उथळ होईल तिथे, चाक सरळ आडवं घालून पडा. तिरकं घातलंत तर चाक कडेला घासून गाडी पाडतं. काळी माती चाकात आणि मडगार्डमध्ये गच्च बसते, तेव्हा रेटू नका. उतरा, काठीने माती काढा. आणि फरशी पुलावर पाणी वाहत असेल तर गाडी घालायचीच नाही. २०१९ चा महापूर आपण पाहिला आहे. वरून वाहत्या पाण्यात पुलाची कड दिसत नाही.

गाडी पडली तर आधी किल्ली बंद करा. मग गाडीकडे पाठ करा, गुडघे वाकवा, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरा, आणि पायांच्या जोरावर मागे सरकत उठवा. कंबरेत वाकून उचलाल तर शंभर-सव्वाशे किलोचं वजन मणक्यावर येईल. हेसुद्धा दोघी-तिघींनी मिळून गवतावर करून बघा.

आता कागदपत्रं. वस्तीची वाट असली तरी लायसन्स लागतंच. आधी शिकाऊ लायसन्स, ते ६ महिने चालतं. ३० दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. चाळिशीपुढच्या बाईला डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. पन्नाशीच्या आत काढलेलं लायसन्स १० वर्षं चालतं. ५० ते ५५ मध्ये काढलं तर वयाच्या साठीपर्यंत, आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करायचं. बिनगिअरच्या लायसन्सवर मोटारसायकल चालवता येत नाही.

गटातून कर्ज घेऊन गाडी घेणार असाल, तर ती स्वतःच्या नावावर घ्या. विम्यात गाडीच्या मालकासाठी १५ लाखांचं अपघात संरक्षण घेता येतं. पण त्यासाठी मालकाजवळ चालू लायसन्स असावं लागतं. हप्ते तुम्ही फेडायचे, गाडी तुम्ही चालवायची आणि नाव दुसऱ्याचं असेल, तर वाईट वेळी ते संरक्षण तुमच्या कामाला येणार नाही.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. कुणाकुणाला शिकायचं आहे त्यांची नावं लिहा. गटात आधीच चालवणारी एखादी असेल, तिला शिकवायला सांगा. दोन हेल्मेटं गटाच्या पैशातून घ्या, ती आलटून पालटून वापरता येतील. आणि आठवड्यातले दोन दिवस ठरवा, सकाळी स्वयंपाकाच्या आधी, माळावर. पावसाळ्याआधी सुरुवात केलीत तर पहिल्या चिखलापर्यंत हात बसलेला असेल.