आतड्याची सूज: ऑपरेशनचा निर्णय वेळेवर घ्या

पोट बिघडले की आपण म्हणतो, काहीतरी खाण्यात आले असेल. बहुतेक वेळा ते खरेही असते. दोन-चार दिवसांत पोट ठिकाणावर येते. पण काही माणसांचे जुलाब महिनोन्महिने थांबत नाहीत. परसाकडला रक्त आणि शेम पडते. पोटात कळ येते. अंग रोडावते. गावात कोणी म्हणते मूळव्याध आहे. कोणी म्हणते बाहेरचे आहे.

अशा वेळी मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा झालेल्या असू शकतात. डॉक्टर या रोगाला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच इथे आपल्या आतड्यावर उलटते. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रोग्याच्या ताटात जेवले तरी होत नाही. कोणाच्या पापाचे हे फळ नव्हे.

रोग ओळखण्यासाठी डॉक्टर गुदद्वारातून नळी घालून आतडे पाहतात. आतड्याचा बारीक कण काढून तपासतात. हा खर्च वाया जात नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षय होतो, आणि रक्ती आवही होते. त्यांची औषधे निराळी असतात. चुकीचे औषध दिले तर ते रोग वाढू शकतात.

औषधे

पुष्कळ रोगी मेसालाझिनसारख्या गोळ्यांवर चांगले राहतात. रोगाने उचल खाल्ली तर डॉक्टर स्टेरॉइड देतात. 1955 साली इंग्लंडात ट्रूलव्ह आणि विट्स या दोन डॉक्टरांनी हे औषध या रोगावर गुण देते, हे पडताळून दाखवले. पण स्टेरॉइड आपल्या मनाने चालू ठेवू नये. त्याने हाडे ठिसूळ होतात, रक्तातली साखर वाढते. ते एकदम बंदही करू नये. डॉक्टर सांगतील तसेच हळूहळू कमी करावे.

धोक्याची खूण

दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब होतात, आणि सोबत ताप आहे किंवा नाडी जोरात चालते आहे. मग घरी थांबू नका. पोट फुगून दुखू लागले तरी थांबू नका. त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात जा.

तिथे शिरेतून स्टेरॉइड देतात. साधारण तिसऱ्या दिवशी डॉक्टर पाहतात, उतार पडला का? नसला तर दोन वाटा उरतात. एक, इन्फ्लिक्सिमॅबसारखे आणखी जोरकस औषध. दुसरी, ऑपरेशन करून मोठे आतडे काढणे.

इथेच घरची माणसे अडतात. "पोटाला चाकू लावायचा नाही," असे म्हणतात. मुंबईचे काका येईपर्यंत थांबू म्हणतात. तेवढ्यात रोगी खंगतो. आतडे फुटले तर पोटात घाण पसरते, आणि जिवावर बेतते. उशिरा केलेले ऑपरेशन अधिक धोक्याचे असते. म्हणून इस्पितळात गेल्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा:

1. या औषधाचा गुण किती दिवसांत दिसला पाहिजे?
2. गुण आला नाही तर पुढे काय?
3. ऑपरेशन केले तर काय धोका? न केले तर काय धोका?
4. खर्च किती?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, ते इस्पितळातल्या आरोग्यमित्राला विचारा.

पोटावरची पिशवी

मोठे आतडे काढल्यावर लहान आतड्याचे तोंड पोटावर काढतात. त्यावर पिशवी चिकटवतात. मळ तिच्यात जमतो. पिशवी भरत आली की संडासात रिकामी करायची. लोकांना भीती वाटते ती याचीच.

पूर्वी या भीतीला कारण होते. आतड्यातले पाणी लागून पोटाची कातडी सोलवटत असे. 1952 साली ब्रूक नावाच्या इंग्रज सर्जनने युक्ती सांगितली. सदऱ्याची बाही उलटी दुमडावी, तसे आतड्याचे तोंड बाहेर दुमडून शिवायचे. मग मळ नीट पिशवीत पडतो. आजही हीच रीत चालते.

जखम भरल्यावर माणूस शेतावर जातो, बाजारहाट करतो. जड ओझे मात्र डॉक्टरांना विचारूनच उचलावे. पिशवी असताना बाईला मूलही होऊ शकते. काही रोग्यांना पुढे आणखी ऑपरेशन करून आतल्या आत आतड्याची थैली शिवता येते. मग बाहेरची पिशवी लागत नाही. पण परसाकडला जास्त वेळा जावे लागते.

रोग्याला विचारा

थोरली माणसे बाहेर बसून ठरवतात. खाटेवरच्या माणसाला कोणी विचारत नाही. लेक असेल तर म्हणतात, "पोटाला पिशवी लागली तर हिचे लग्न कसे होणार?" अहो, आधी लेक जगली पाहिजे! दुखणे तिचे, पोटही तिचे. तिला सगळे समजावून सांगा. जमल्यास पिशवी लावून कामधंदा करणाऱ्या एखाद्या माणसाची गाठ घालून द्या. तिच्या मनात काय आहे ते ऐका.

ऑपरेशन म्हणजे हार नव्हे. औषधाने भागत असेल तर औषध घ्यावे. भागत नसेल तर दिवस घालवू नयेत.