चुना शाबूत ठेवून

हाडाचा तुकडा लॅबमध्ये आला की बहुतेक ठिकाणी तो आधी अ‍ॅसिडमध्ये पडतो. चुना निघून जातो, हाड मऊ होतं आणि मेणात बसवून साध्या पात्याने त्याचे काप निघतात. कॅन्सर किंवा जंतुसंसर्ग शोधायचा तर यात वावगं काही नाही. पण प्रश्न चुन्याचाच असेल तर?

हाडाच्या पेशी आधी प्रथिनांचा मऊ थर अंथरतात, ऑस्टिऑइड. काही दिवसांनी त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरतं. ‘ड’ जीवनसत्त्व फारच कमी पडलं की थर पडत राहतात, भरणं मात्र रखडतं; हाच ऑस्टिओमलेशिया. अ‍ॅसिडमधून काढलेल्या हाडात भरलेला थर कुठला नि रिकामा कुठला, हे सांगणं अवघड. पुरावा धुऊन मग पंचनामा करण्यातला हा प्रकार.

म्हणून आमच्या टेबलावर येते ती कमरेच्या हाडाच्या कडेतून काढलेली, पेन्सिलीएवढी जाड कांडी. ती ७० टक्के अल्कोहोलमध्ये पाठवा, असं आम्ही सांगतो, कारण पडून राहिलेलं फॉर्मॅलिन आंबट होतं आणि तेही चुना खातं. तरी थिएटरमधून बाटली फॉर्मॅलिनचीच येते. मग फोनवर जरा गोड बोलावं लागतं.

चढत्या अल्कोहोलने पाणी काढून कांडी मिथाइल मेथॅक्रिलेटमध्ये जाते. कवळ्या बनवणाऱ्याकडे येतो तोच उग्र वास. गुडघा बदलताना सर्जन वापरतात ते सिमेंटही याच घराण्यातलं. व्हॅक्यूम लावून हा पातळ द्रव हाडाच्या छिद्राछिद्रांत ओढून घ्यायचा. घट्ट होताना तो स्वतःच तापतो. घाई केली की उकळून बुडबुडे धरतो, आणि रुग्णाकडे दुसरी कांडी कुठून मागायची? म्हणून बाटल्या थंडाव्यात, दिवसचे दिवस.

झालेला ब्लॉक हाडाइतकाच टणक, त्यामुळे पातं हाडावर अडखळत नाही. पातं मात्र टंगस्टन कार्बाइडचं लागतं आणि मायक्रोटोम वजनदार. काप साधारण ५ मायक्रॉनचे, केसाहून कितीतरी पातळ. निघताच गुंडाळी होतात, त्यांना अल्कोहोलच्या थेंबावर ब्रशने उलगडायचं. मला यातलं हेच काम सगळ्यांत आवडतं. नंतर घट्ट झालेलं हे रेझिन विरघळवून गोल्डनरच्या पद्धतीने रंगवलं की भरलेलं हाड हिरवं, ऑस्टिऑइड लाल-नारिंगी.

काही काप मात्र न रंगवता ठेवतो. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक, हाड जिथे त्या दिवशी भरत असतं तिथे चिकटतं आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशात पिवळं चमकतं. मिल्च, रॉल आणि टोबी यांनी हाडातली ही चमक १९५७ मध्ये नोंदवली. पुढे डेट्रॉइटच्या हॅरल्ड फ्रॉस्ट यांनी त्यातून मोजमापाची पद्धत उभी केली. बायोप्सीआधी रुग्णाला हे औषध काही दिवस देतात, मध्ये खंड, मग पुन्हा काही दिवस, म्हणजे हाडात दोन चमकत्या रेषा उमटतात. सोबत दूध किंवा दुधाचा चहा नको, नाहीतर ते पोटातच कॅल्शियमला धरून बसतं. दोन रेषांमधलं अंतर भागिले मधले दिवस: हाड रोज किती भरतं ते कळतं, निरोगी माणसात एका मायक्रॉनहून कमीच. ऑस्टिओमलेशियात दोन रेषा वेगळ्या उमटतच नाहीत.

डायलिसिसवरच्या रुग्णाच्या हाडाची उलाढाल बेसुमार वाढलेली असू शकते किंवा जवळजवळ थांबलेली. पॅराथायरॉइड ग्रंथीला लगाम घालणारं औषध पहिल्याला हवं. दुसऱ्याला दिलं तर हाड आणखीच थंड पडतं. रक्ततपासणीवरून दर वेळी फरक करता येत नाही, तो ही कांडी सांगते. “रिपोर्टला एवढे आठवडे का हो, ताई?” असं नातेवाईक विचारतात, तेव्हा मी त्यांना एवढंच समजावून सांगते.