हॅम्बल्डनचे खरे श्रेय

इंग्लंडातील हॅम्पशायर परगण्यात, हॅम्बल्डन गावाजवळच्या ब्रॉडहाफपेनी डाऊन नामक उघड्या माळावर क्रिकेटचा जन्म झाला, हे विधान जाणत्यांच्याही लेखणीतून पुनःपुन्हा उतरावे, याचा खेद होतो. कारण जुने दप्तर त्याविरुद्ध निःसंदिग्ध साक्ष देते. 1598 साली सरे परगण्यातील गिल्डफर्ड येथे एका जमिनीबद्दल दावा चालला असता, साठीला टेकलेल्या जॉन डेरिक या गृहस्थाने शपथेवर जबानी दिली, की शाळकरी वयात आपण सोबत्यांसह त्याच जागेवर क्रिकेट खेळत असू. म्हणजे 1550 च्या सुमारास हा खेळ तेथे रुळलेला होता. 1611 साली ससेक्समध्ये ईस्टरच्या रविवारी देवळात न जाता क्रिकेट खेळणाऱ्या दोघांना दंड झाला, आणि 1744 साली खेळाचे नियमही लिहिले गेले. या माळावर खेळणाऱ्या हॅम्बल्डन क्लबाचा उत्कर्ष त्यानंतरचा. मग नियमबद्ध झालेल्या खेळाचा जन्म पुन्हा येथे कसा व्हावा?

या समजाचे मूळ जॉन नायरेनच्या 1833 च्या आठवणींत आहे. त्याचा बाप रिचर्ड हा हॅम्बल्डन संघाचा कर्णधार आणि मैदानासमोरील ‘बॅट अँड बॉल’ खानावळीचा चालक. पुत्राने प्रेमाने रंगविलेल्या त्या चित्रालाच वाचकांनी उत्पत्तीचा पुरावा मानले. 1908 साली मैदानावर उभारलेली शिळा मात्र येथे क्लबाचे मैदान होते, एवढेच सांगते.

इतर समज थोडक्यात. हा निव्वळ गावकऱ्यांचा संघ होता: नव्हे, क्लब धनिक सरदारांचा होता आणि खेळाडूंना मोबदला मिळे. तिसऱ्या यष्टीचे निमित्त येथे घडले: नव्हे, 1775 साली लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर ‘लम्पी’ स्टीव्हन्सचे चेंडू जॉन स्मॉलच्या दोन यष्ट्यांमधून तीनदा आरपार गेले, तेव्हा. हॅम्बल्डनचा फलंदाज आयलवर्ड याच्या 167 धावा याच माळावरच्या: नव्हे, त्या 1777 साली सेव्हनओक्स येथे झाल्या.

हॅम्बल्डनचे श्रेय याहून भरीव आहे. 1771 साली व्हाइट नावाचा फलंदाज यष्ट्या झाकणारी रुंद बॅट घेऊन उतरला, तेव्हा हॅम्बल्डनच्या खेळाडूंनी बॅटची रुंदी सव्वाचार इंचांहून अधिक नसावी, असा लेखी ठराव सह्यांनिशी केला, आणि तीच मर्यादा आजही जगभर पाळली जाते. जन्मदात्याचे उसने बिरुद काढून घेतल्याने या गावाचे काहीच उणे होत नाही; खेळाला शिस्त लावणाऱ्यांचा मान जन्मस्थानाच्या मानाहून तसूभरही कमी नाही.