मांडव्याचा अविनाश आणि न पडणारा अडथळा

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला पायी येणाऱ्या दिंड्या आपण दरवर्षी पाहतो. चालणं आपल्या माणसांना नवं नाही. आज पळण्याबद्दल बोलू या.

आपल्याच जिल्ह्यात आष्टी तालुक्यात मांडवा हे गाव आहे. तिथे 13 सप्टेंबर 1994 रोजी अविनाश साबळे जन्मला. आईवडील शेतकरी, वीटभट्टीवरही राबलेले. शाळा सहा किलोमीटर लांब आणि गाडीची सोय नाही, म्हणून पोरगं रोज चालत-पळत शाळेत जायचं. त्याला कुणी सराव म्हणत नव्हतं. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनचा बर्फ, राजस्थानचं वाळवंट आणि सिक्कीम अशा ठिकाणी त्याने नोकरी केली. स्पर्धेत पळायला लागला तो 2015 मध्ये, म्हणजे विशी ओलांडल्यावर.

त्याची शर्यत म्हणजे तीन हजार मीटर स्टीपलचेस. साध्या अडथळा शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो आणि धावणारा पुढे जातो. इथे अडथळा जड लाकडाचा असतो. तो पडत नाही, आपटतो आपणच. पुरुषांसाठी त्याची उंची 91.4 सेंटिमीटर, बायकांसाठी 76.2. असे 28 अडथळे आणि शिवाय सात वेळा पाण्याची उडी. पाण्याचा खड्डा अडथळ्यापाशी खोल आणि पुढे उथळ असतो. म्हणून बरेच जण अडथळ्यावर पाय देऊन लांब झेप घेतात. झेप जितकी लांब, तितकं पाणी कमी. दमलेल्या पायांनी हे शेवटपर्यंत करायचं असतं.

2018 मध्ये अविनाशने गोपाल सैनी यांचा 37 वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे स्वतःचाच विक्रम तो पुन्हा पुन्हा मोडत गेला. राष्ट्रकुल स्पर्धेत 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाचेच धावपटू नेत होते. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला अविनाशने त्यांच्यामधून रौप्यपदक आणलं. सोनं हुकलं ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत 8 मिनिटं 19.50 सेकंदांत त्याने सोनंही मिळवलं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत अकरावा आला. जुलै 2025 मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली. अडथळे त्यालाही चुकले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, तो मुलगा होता, सैन्यात गेला. मग ललिता बाबर ऐका. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव. शर्यत हीच, स्टीपलचेस. बायकांना ऑलिंपिकमध्ये ही शर्यत पळायला मिळाली तीच मुळी 2008 पासून. 2016 मध्ये रिओला ललिता अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. 1984 मध्ये पी. टी. उषा अंतिम फेरीत पळाली होती. त्यानंतर 32 वर्षांनी धावपट्टीवर भारताची बाई तिथे उभी होती.

मैत्रिणींनो, आपली पोर सातवी-आठवीपर्यंत मैदानावर असते. मग ओढणी येते, घरकाम येतं, आईबाप ऊसतोडीला गेले की धाकटी भावंडं तिच्या गळ्यात पडतात, आणि पळणं थांबतं. पुढे पोलीस भरतीत 800 मीटर धावायची वेळ आली की आपण घाईने तिला रस्त्यावर पळवायला काढतो. चार वर्षं बसलेले पाय महिन्याभरात कसे तयार होतील?

म्हणून पुढच्या गटाच्या बैठकीत कर्जवाटपाच्या विषयांबरोबर हाही एक विषय घ्या. गावातल्या मुली सकाळी एकत्र पळतील आणि गटातल्या दोन बाया पाळीपाळीने सोबत जातील. सोबत असली की बापही नाही म्हणत नाही. सुरुवातीला पैसा लागत नाही. बूट, चांगलं खाणं, शिकवणारे सर हे पुढे लागेल, तेव्हा गट आहेच.

प्रत्येक पोर ऑलिंपिकला जाणार नाही. पण लाकडाचा अडथळा आपण हलवू शकत नसलो, तरी घरातला उंबरा आपल्याच हातात आहे. उद्या सकाळी तो तिला ओलांडू द्या.