घडीचा चाकू फांदीसाठी नाही

पावसाळा सरला की घरामागं वेडी बाभूळ माजते. कोयता जवळ नसला की खिशातला घडीचा चाकू निघतो. सुतळी, पोतं कापायला तो ठीक, फांदीला नाही. त्याचं पातं एका खिळ्यावर फिरतं. टोक अडकलं किंवा पाठीवर दगडानं ठोकलं, तर पातं मिटून बोटांवरच येतं. जाड फांदीला कोयता किंवा कुऱ्हाडच घ्या.

कापलंच तर स्वच्छ फडक्यानं 10 मिनिटं घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. रक्त थांबल्यावर साबण-पाण्यानं धुवा. हळद, तंबाखू, चुना, राख भरू नका. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झालं असेल, तर लगेच दवाखाना गाठा.

धनुर्वात गंजानं होत नाही. त्याचे जंतू माती-शेणात असतात. म्हणून चाकू नवा असला तरी सरकारी दवाखान्यात इंजेक्शनचं विचारा.

दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात. तिथं नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकाचा हात गेला की दोघांचा खाडा, आणि उचल तशीच डोक्यावर. निघण्याआधी दोघांचीही धनुर्वाताची लस झाली आहे का, बघा.