सातबारा ते व्हिसा

दसरा झाला की वाशी, भूम, कळंब भागातून ऊसतोड मजुरांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. अंथरूण-पांघरूण, भांडी, शेळ्या, लेकरं असा सगळा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत असतो. निघायच्या कितीतरी आधी मुकादमाने उचल दिलेली असते आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. धाराशिव जिल्ह्याला पोटासाठी गाव सोडणे नवे नाही, आणि त्या प्रवासातला मध्यस्थही नवा नाही.

आता याच जिल्ह्यातून आणखी एक वाट निघाली आहे. नर्सिंग केलेल्या मुली, अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणारी मुले, आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, आखातात सेंट्रिंगचे काम शोधणारा गवंडी, सगळ्यांच्या तोंडी व्हिसाची भाषा आहे. मुकादमाच्या जागी एजंट आला आहे. मुकादम उचल देतो, एजंट उचल घेतो. कर्ज मात्र दोन्हीकडे घरावरच चढते.

एजंटच्या कार्यालयात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कोणत्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो?’ घराचे नुकसान बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. कारण व्हिसा म्हणजे एकच परवाना नव्हे. शिकायला जाण्याचा परवाना वेगळा, शिक्षण झाल्यावर काम शोधण्याचा वेगळा, नोकरीचा वेगळा आणि कायम राहण्याचा, म्हणजे पीआरचा, त्याहून वेगळा. पहिला मिळाला म्हणून दुसरा मिळतोच असे कोणताही देश लिहून देत नाही. म्हणून ही साखळी शेवटच्या कडीपासून उलटी वाचत यावी लागते. आधी तिथे नोकरीचा परवाना कशावर मिळतो ते पाहायचे, आणि मग कोणत्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा ते ठरवायचे.

ब्रिटनचे उदाहरण घेऊ. एक वर्षाची मास्टर्स पदवी आणि पुढे दोन वर्षे काम करण्याची मुभा देणारा ग्रॅज्युएट व्हिसा, ही जोडी मराठी घरांत फार लोकप्रिय झाली. पण जानेवारी २०२४ पासून नेहमीच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला जोडीदार किंवा मूल सोबत नेता येत नाही. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्यांसाठी ती दोन वर्षांची मुभा दीड वर्षावर येणार आहे. त्यानंतर टिकायचे तर स्किल्ड वर्कर व्हिसा हवा. त्यासाठी पगाराची सर्वसाधारण अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड झाली. नवख्यांना त्यात काही सवलत आहे, तरी पदवी हातात पडताच एवढा पगार देणारी आणि परवानाधारक असलेली कंपनी शोधणे कठीणच. वृद्धांची सेवा करणाऱ्या केअर वर्करची परदेशातून होणारी भरतीही त्याच महिन्यात बंद झाली. पाहुण्यातला कोणी २०२२ मध्ये गेला आणि स्थिरावला, म्हणून आपला मुलगाही स्थिरावेल, हा हिशेब आता जुळत नाही.

कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. भारतीयांना लवकर निर्णय देणारी एसडीएस ही सोय त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला बंद झाली. पहिल्या वर्षाची फी सोडून राहण्या-खाण्यासाठी दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२५ पासून एका विद्यार्थ्यामागे २२,८९५ कॅनेडियन डॉलर झाली. अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेल्याला पदवीनंतर एकूण तीन वर्षे काम करता येते, पण पुढच्या एच-१बी व्हिसाच्या जागा वर्षाला ८५,००० आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट. देशाबाहेरून नव्याने बोलावल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीवर एक लाख डॉलरचे शुल्कही लावले गेले. ग्रीन कार्डात तर एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जागा येत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांत मोजली जाते.

हे सगळे दूरचे नियम धाराशिवात एका जाड फाईलवर येऊन थांबतात.

त्या फाईलमध्ये काय असते? सातबारा, आठ-अ, फेरफार, जमिनीचे मूल्यांकन, सीएचे नेटवर्थ प्रमाणपत्र, बापाची तीन वर्षांची विवरणपत्रे. दहा एकर जिरायत कागदावर मोठी दिसते. परदेशी वकिलातीला मात्र जमीन नको, बँकेतले पैसे हवेत. ब्रिटनला ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून असलेली लागते. शैक्षणिक कर्ज मागायला जावे, तर साडेसात लाखांच्या वर बहुतेक बँका तारण मागतात आणि तारणात शेतजमीन घेत नाहीत. बिगरशेती प्लॉट, घर किंवा ठेव लागते. ज्या जिल्ह्यात घराची सारी ऐपत सोयाबीन-तुरीच्या वावरात अडकलेली आहे, तिथे हा नियम फार बोचतो. मग कोणी सावकाराकडे जातो, कोणी बांधाशेजारचे दोन एकर विकतो, आणि कोणी ‘फंड दाखवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटच्या हाती लागतो. हा शेवटचा मार्ग सगळ्यांत घातक. खोटा बँक कागद सापडला, तर ब्रिटनमध्ये दहा वर्षे आणि कॅनडात पाच वर्षे बंदी येऊ शकते, आणि ती एजंटवर येत नाही, मुलावर येते.

नावांचा घोळ हा फाईलमधला दुसरा खड्डा. टीसीवर बापाचे नाव ज्ञानोबा, आधारवर ज्ञानेश्वर. आईचे नाव एका कागदावर शांता, दुसऱ्यावर शांताबाई. आडनाव आधी लिहायची आपली रीत, त्यामुळे पासपोर्टच्या अर्जात आडनावाच्या रकान्यात भलतेच नाव जाऊन बसते. त्यात आता जिल्ह्याच्या नावाची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर करायला मान्यता दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्हा आणि तालुक्यांची अधिसूचना निघाली आणि मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने हे नामांतर कायम ठेवले. परिणाम असा की, वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर आणि जुन्या पासपोर्टवर उस्मानाबाद, नव्या कागदांवर धाराशिव, आणि गुणपत्रिकेवर विद्यापीठाच्या नावापुढे औरंगाबाद. परदेशातल्या अधिकाऱ्याला ही तीन निरनिराळी गावे वाटली, तर त्याचा दोष नाही. राजपत्राची प्रत आणि एक नीट लिहिलेले प्रतिज्ञापत्र फाईलमध्ये आधीच लावलेले बरे. व्हिसाची तारीख आल्यावर या दुरुस्त्यांसाठी तहसील, शाळा आणि सेतू अशा खेपा घालण्यात महिना कुठे जातो कळत नाही.

मग ज्याच्याकडे पैसा नाही त्याला वाट नाही का? आहे, पण ती पैशाऐवजी वेळ मागते.

त्यातली सध्या सर्वांत उघडी वाट जर्मनीची. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. विद्यार्थ्याने एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे १२ लाख रुपये, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवायचे आणि तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरो काढायचे. हे पैसे एजंटच्या खिशात जात नाहीत, मुलाच्याच खात्यात राहतात. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्याला एपीएस प्रमाणपत्रही लागते, त्यात त्याच्या गुणपत्रिका तपासल्या जातात. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. जून २०२४ पासून गुणांवर मिळणारे ‘चान्सनकार्टे’ हे संधीपत्र आले. त्यावर नोकरी हातात नसतानाही वर्षभर तिथे राहून ती शोधता येते. शिकलेल्या माणसाला ठरावीक पगाराची नोकरी लागली की ब्लू कार्ड मिळते, आणि जर्मन भाषेची बी-१ पातळी असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. शेवटची कडी इतक्या स्पष्टपणे लिहून देणारे देश थोडे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला होता. नर्सपासून इलेक्ट्रिशियन-चालकांपर्यंत दहा हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याची ती योजना. शिकायला जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे: हेच राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याकडून प्रत्येक सत्राला १,५०० युरो घेते. कामाला जाणाऱ्याला जे राज्य सोयीचे, ते शिकायला जाणाऱ्याला सोयीचे असेलच असे नाही.

पण या वाटेवरचा खरा उंबरठा भाषेचा आहे. जिल्ह्यात नर्सिंग शिकलेल्या मुलीला जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी असेल, तर साधारण बी-२ पातळीपर्यंत जावे लागते. रुग्ण कुठे दुखते ते सांगतो, तेव्हा त्याची बोली कळली पाहिजे, आणि हस्तांतराच्या वेळी दुसऱ्या पाळीच्या नर्सला चार वाक्यांत नेमके सांगता आले पाहिजे. शून्यापासून इथवर यायला नेटाने शिकले तरी वर्ष-दीड वर्ष जाते. परीक्षेचे मोठे केंद्र पुण्याचे मॅक्स म्युलर भवन, धाराशिवपासून सुमारे अडीचशे किलोमीटर. जिल्ह्याच्या ठिकाणी चांगला जर्मन शिक्षक आणून बसवला, तर तो शंभर घरांचे कर्ज वाचवेल. नेत्यांनी करारांच्या छायाचित्रांइतकेच लक्ष या एका गोष्टीकडे द्यावे.

जपानची वाटही अशीच आहे. भारताशी जानेवारी २०२१ मध्ये करार झाल्यावर ‘स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर’ हा व्हिसा आपल्याला खुला झाला. शेती, बांधकाम, हॉटेल, वृद्धसेवा अशी कामे, जपानीची एन-४ पातळी आणि कामाची परीक्षा. पहिल्या प्रकारात पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण बायकोमुलांना नेता येत नाही. दुसऱ्या प्रकारात नेता येते. लग्न ठरलेल्या मुलाने हा फरक सही करण्याआधी सासरी सांगितलेला बरा.

आखातात जाणाऱ्याचे प्रश्न वेगळे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का असतो आणि सौदी, कुवेत, ओमान, अमिरात, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारची परवानगी लागते. हा शिक्का अनेकांना कमीपणाचा वाटतो. प्रत्यक्षात तो संरक्षणासाठी आहे, कारण त्यामुळे मालकाचा करार ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदवावा लागतो आणि दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा होतो. त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क घेता येते ते जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. दीड-दोन लाख मागणाऱ्याला एवढेच विचारावे: ‘तुमचा नोंदणी क्रमांक द्या, पोर्टलवर बघतो.’ खरा एजंट क्रमांक देईल. ‘आधी व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर वर्क परमिट करू’ असे जो म्हणतो, त्याच्याकडून उठून यावे. थायलंडला नोकरी म्हणून नेलेली मुले म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अशीच अडकली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी साडेपाचशेच्या आसपास तरुणांना थायलंडच्या मे सोतहून परत आणले.

शिष्यवृत्तीची वाट मात्र जिल्ह्यात कमी चालली जाते, याची खंत वाटते. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. त्याच्या २८ वर्षे आधी, १९१३ मध्ये, ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, परतल्यावर बडोद्याची दहा वर्षे चाकरी करण्याच्या करारासह. आज सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती दरवर्षी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या ७५ विद्यार्थ्यांना फी, निर्वाह आणि विमानभाडे देते. मराठा-कुणबी समाजासाठीच्या सारथी संस्थेचीही ७५ विद्यार्थ्यांसाठी योजना आहे, तिला सयाजीरावांचेच नाव आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि खुल्या गटातल्या गरजू विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र योजना आहेत. मात्र जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठाचा प्रवेश आधी हातात लागतो. म्हणजे तयारी पदवीच्या शेवटच्या वर्षाआधीच सुरू व्हायला हवी, आणि एजंट या वाटेचे नाव सहसा काढत नाही, कारण त्याचे कमिशन तसल्या विद्यापीठांकडून येत नाही.

राहता राहिला कायम स्थायिक होण्याचा भाग. पीआर घेतला तरी माणूस भारताचा नागरिक राहतो. परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. त्यानंतर मिळते ते ओसीआय कार्ड. त्यावर आयुष्यभर ये-जा करता येते, मतदान करता येत नाही.

पण धाराशिवच्या घराला याहून जवळची गोष्ट जमिनीची आहे. परकीय चलन कायद्याखाली परदेशात राहणाऱ्या भारतीयाला, मग त्याचा पासपोर्ट भारतीय असो की हातात ओसीआय कार्ड असो, शेतजमीन विकत घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येते. वडिलांकडून वारसाने आलेली शेती त्याच्या नावावर राहू शकते. ती विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. याचा अर्थ उमरग्याच्या एखाद्या घराने मुलाच्या फीसाठी बांधालगतचे दोन एकर विकले, आणि पाच-सात वर्षांनी टोरांटोत चांगला स्थिरावलेला तो मुलगा पैसे घेऊन तेच वावर परत घ्यायला आला, तर ते त्याच्या नावावर होणार नाही. वडिलांच्या किंवा गावी राहिलेल्या भावाच्या नावाने घ्यावे लागेल. म्हणून फाईल उघडण्याआधी घरात बसून दोन याद्या कराव्यात: कर्ज काढून काय भागेल, आणि जमीन विकल्याशिवाय काय भागणार नाही. दुसऱ्या यादीत काही उरत असेल, तर जर्मनच्या वर्गात नाव घालायला अजून वेळ आहे.