गालातली चरबी आणि तिचे मोजमाप

आजारातून उठलेल्या माणसाला पाहून गावाकडे म्हणतात, ‘गालफडं पार बसली की!’ चेहऱ्यावरून प्रकृतीचा अंदाज बांधण्याची ही आपली जुनी रीत. परंतु शस्त्रवैद्याला अशा अंदाजावर भागत नाही. गालात चरबी नेमकी किती, हे त्याला मोजावे लागते.

गालाच्या स्नायूलगत चरबीची एक स्वतंत्र गादी असते. १७३२ साली हाइस्टर या जर्मन वैद्याने तिला ग्रंथी मानले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बिशा या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती चरबीच असल्याचे दाखविले. प्रौढ माणसात एका बाजूची गादी सरासरी १० घन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे चहाचे दोन चमचे भरते.

न कापता ती मोजायची कशी? हाउन्सफील्डच्या यंत्राने १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. त्याच्याच नावाच्या मापात पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या जवळपास, तर स्नायू शून्याच्या वर. त्यामुळे चित्रातली चरबी ओळखता येते. मात्र कातडीखालच्या चरबीचा आकडाही तोच! म्हणून गादीची सीमा जाणकारालाच आखावी लागते. मग भाकरींच्या चवडीसारखा हिशेब : प्रत्येक कापाचे क्षेत्रफळ गुणिले जाडी, आणि सर्वांची बेरीज. ३ चौरस सेंटिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा काप म्हणजे ०.६ घन सेंटिमीटर. एमआरआयनेही हे साधते. त्यात क्ष-किरण लागत नाहीत.

चेहरा निमुळता दिसावा म्हणून काहीजण ही गादी काढून घेतात. पण वयानुसार गाल मुळातच ओसरतात; तेव्हा काढले किती, याला महत्त्व येते.

मी कला शाखेचा, आमच्या घरातला पहिलाच कॉलेजात आलेला. या विषयाकडे वळलो तो चुलत्यांमुळे. सुपारी-गुटख्याने त्यांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही. तिखटाने आग होते. भाकरी दुधात कुस्करून खातात. या रोगात आतले ताठ पट्टे कापून उघड्या जखमेवर हीच गादी ओढून बसवतात. परंतु रोगाने कधी कधी तीच आक्रसलेली असते. म्हणून आधी मोजलेली बरी.

राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच. मित्रहो, एकाला नकोशी वाटणारी ही दोन चमचे चरबी दुसऱ्याला घासभर अन्नासाठी हवी असते. पुडी फोडण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.